व्हायाचा रकाना

जून लागला की दोह्यात आमच्या अल गराफातल्या इमारतीसमोरच्या खजुरांना जाळ्या बांधतात. हिरव्या घोसांवर पिवळेपणा चढू लागतो. एसीतून बाहेर पाऊल टाकलं की चष्म्याच्या काचांवर वाफ धरते आणि दोन मिनिटं माणूस आंधळाच होतो. दुकानात रुतबचे पहिले खोके येतात. रुतब म्हणजे झाडावरून नुकताच उतरवलेला, निम्मा पिकलेला खजूर, बोटांना चिकटणारा. वीस वर्षं मी हा महिना बघते आहे, पण गेली काही वर्षं पहिला रुतब तोंडात टाकला की मला कच्च्या कांद्याचा वास येतो. नवरा म्हणतो, डॉक्टरला दाखव. डॉक्टरला काय दाखवायचं? तो वास एका उन्हाळ्याचा आहे आणि तो जायला नको असं माझं मलाच वाटतं.

या जूनला तर तो वास जास्तच येतोय. हमीदचाचा कायमचे घरी चाललेत. मी ज्यांच्या शेजारच्या टेबलावर बसून मालाचे कागद करायला शिकले, ते आमच्या म्हसळ्याचे चाचा. रक्ताचं नातं काही नाही. पण आमच्याकडे गावचा वडीलधारा माणूस चाचाच असतो. "माझा तिकीट तूच काढ," असं त्यांनी मला सांगितलं आणि मी चार दिवस टाळाटाळ केली.

त्यातच लेकीची युनिट टेस्ट. इनाया आठवीत आहे. इथल्या शाळांत कतारचा इतिहास सक्तीने शिकवतात आणि शिकवावाच. काल ती पाठ करत होती: मोत्यांचा धंदा, तेल, ब्रिटिशांचं जाणं, स्वातंत्र्य, गॅस, फुटबॉलचा विश्वचषक. सगळं चकचकीत छापलेलं, पानापानावर मनोरे. मी विचारलं, "यात माल कोणी उतरवला ते लिहिलंय का गं?"

"मम्मा, इट्स नॉट इन द सिलॅबस."

"मग सिलॅबस चुकलाय."

"मम्मा, प्लीज. आय हॅव अ टेस्ट टुमारो."

तिचं बरोबर होतं, मार्क तिला हवे होते. पण माझं डोकं फिरलं ते फिरलंच. म्हणून हा लेख लिहायला बसले आहे. याला मार्क नाही मिळाले तरी चालतील.

मालाच्या कागदात आयुष्य काढलेल्या माणसाला देशाचा इतिहास वेगळा दिसतो. राजवाड्यात काय शिजतंय ते आम्हाला कधीच कळलं नाही, पण बंदरात काय उतरतंय ते सगळ्यांच्या आधी आम्हाला कळायचं. आमचं ऑफिस सनायात, म्हणजे इंडस्ट्रियल एरियात, टायरच्या दुकानावर. दोन खोल्या, एक प्रिंटर, वेलचीच्या चहाचा थर्मास. परदेशातून येणाऱ्या मालाचे कागद तयार करायचे, कस्टममधून माल सोडवायचा, हा धंदा. चाचा म्हणायचे, "पोरी, पेपरात काय छापतात ता बघू नको. लोकांनी काय मागवलंय ता बघ."

चाचा आले तेव्हा या देशाला स्वातंत्र्य मिळून पाचेक वर्षं झाली होती. मिसरूड फुटलं नव्हतं. मुंबईहून स्टीमर. त्यांच्या वडिलांनीही इथे लाँचवर खेपा केल्या होत्या आणि त्या काळी इथल्या बाजारात आपल्याकडे छापलेले रुपये चालायचे, हे चाचा प्रत्येक नव्या कारकुनाला एकदा तरी ऐकवायचे. इंग्रज निघाला तेव्हा आखातातली नऊ छोटी राज्यं एक करायची बोलणी चालली होती. मोट काही बांधली गेली नाही. सात जणांनी मिळून संसार मांडला, ती आजची अमिराती. बहरीन आणि कतार आपापली चूल घेऊन वेगळे राहिले. एवढासा देश, तीन बाजूंना समुद्र, चौथ्या बाजूला एकच शेजारी, प्यायला गोड पाणी नाही, आणि म्हणे आम्ही आमचं बघू. चाचांना हे फार आवडायचं. चार भावांत धाकटे होते ते.

पहिल्या वर्षांत नुसतं सिमेंट आणि सळ्या. तेल देशाच्या ताब्यात आलं होतं, भाव आभाळाला टेकले होते. धक्क्याला जागा नसायची म्हणून जहाजं बाहेर नांगर टाकून उभी, आणि लाँचा त्यांच्यापर्यंत जाऊन माल आणायच्या. चाचा लाँचमध्ये बसून गोणी मोजायचे आणि सिमेंट घामात मिसळून मानेवर वाळायचं. मग ऐंशीच्या दशकात तेल पडलं. कागद कमी झाले. पगार उशिरा यायला लागले, बरोबरचे निम्मे लोक परतले. चाचा राहिले. त्याच काळात समुद्राखाली गॅस पडून होता. स्वातंत्र्याच्याच वर्षी सापडलेला, पण घेणार कोण? दात आहेत तर चणे नाहीत म्हणतात, इथे चण्यांची रास पडली होती आणि दात नव्हते. मग नव्वदीत एकाएकी कागदांवर यायला लागले ते माणूस उभा राहील एवढे रुंद पाइप, मोठमोठे झडपांचे खोके, जपानहून, इटलीहून. "तवाच मी समजलो," चाचा सांगायचे, "आता हा देश कोणाचा ऐकणार नाय."

त्याच सुमारास ऑफिसातला भिंतीवरचा अमीरांचा, म्हणजे इथल्या राजाचा, फोटो बदलला. मुलाने वडिलांच्या हातून गादी घेतली, वडील परदेशात होते. गोळी सुटली नाही. सकाळी चाचा कामावर गेले तर मॅनेजर स्टुलावर चढून जुना फोटो उतरवत होता. पुढे आणखी एकदा फोटो बदलला, तेव्हा वडिलांनी आपणहून मुलाला दिलं. दोन्ही वेळा स्टूल चाचांनी धरलं. कतारच्या राजकीय इतिहासात आमचा सहभाग विचाराल तर एवढाच.

आणि खरं सांगायचं तर या देशाने चाचांना काय दिलं त्याचे दोन रकाने होतात. घर झालं, तीन बहिणींची लग्नं झाली. हा एक. दुसरा असा, की त्यांचे वडील गेले तेव्हा त्यांना बाहेर पडायची परवानगी मिळेना. तेव्हा देश सोडायलासुद्धा मालकाची सही लागायची. मालक उन्हाळ्यासाठी युरोपात. सही यायला पाच आठवडे गेले. मातीला पोचायचं राहू द्या, चाळिसाव्यालाही धावतपळत पोचले. मी हे लिहिते, कारण त्या उन्हाळ्यात आम्ही या देशाच्या बाजूने उभे राहिलो ते भाबडेपणाने नाही. आम्हाला सगळं माहीत होतं. सगळं माहीत असून उभे राहिलो.

तो उन्हाळा दोन हजार सतराचा. रमजान चालू होता, दहावा रोजा. पहाटे सहेरी खाऊन आडवे झालो तर नवऱ्याचा फोन थांबायलाच तयार नाही. शेजारच्या देशांनी संबंध तोडले होते. जमिनीवरची एकुलती एक सरहद्द बंद, आकाश बंद, समुद्र बंद. कारण काय तर लहान तोंडी मोठा घास. हा देश जगाला ऐकू जाईल अशा आवाजात बोलतो, ज्याच्याशी बोलू नये त्याच्याशी बोलतो, सांगितलेलं ऐकत नाही. सकाळी नऊपर्यंत दुकानांतून दूध आणि कोंबडी संपली. खजुरांच्या झाडांना जाळ्या बांधणारे मात्र नेहमीसारखे शिडीवर होते.

आमच्या ऑफिसची रमजानातली वेळ सहा तासांची. त्या दिवशी सहा तासांत फोन ठेवायला सवड मिळाली नाही. आमचा निम्म्याहून जास्त माल दुबईजवळच्या जेबेल अली बंदरात उतरायचा आणि तिथून छोट्या जहाजाने दोह्याला यायचा. हे इतक्या वर्षांचं होतं की त्याकडे कोणाचं लक्षच नव्हतं. घरातल्या उंबऱ्याकडे कोण बघतं?

आता चाचांची एक रीत सांगायला हवी. कोणताही कागद बाहेर जाण्याआधी तो दोघांनी ताडून बघायचा. एकाने रकाना रकाना मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पेन्सिल घेऊन ऐकायचं आणि प्रत्येक रकान्याला "टिक" म्हणून खूण करायची. मॅनेजर हसायचा, कॉम्प्युटरच्या जमान्यात हे काय कीर्तन! चाचा म्हणायचे, डोळा चुकतो, कान चुकत नाय. वाचणारे ते, पेन्सिल माझी. आठ वर्षं आम्ही असं गात आलो होतो.

त्या सकाळी एक कांद्याचा कंटेनर होता. नाशिकचा कांदा, न्हावा शेव्याहून निघायचा, इथल्या भारतीय किराणावाल्यांसाठी, ईदच्या आधी. फोन वाजत असतानाच चाचांनी वाचलं:

"माल, कांदा."

"टिक."

"निघायचं बंदर, न्हावा शेवा."

"टिक."

"व्हाया जेबेल अली."

"टिक."

"पोचायचं बंदर, दोहा."

"टिक."

कागद मुंबईला गेला.

वाचलंत ना? सगळं जग सकाळपासून ओरडत होतं की जेबेल अलीचा रस्ता बंद झाला. आम्ही दोघं त्याच बातमीवर बोलत होतो. त्यांच्या तोंडून ते दोन शब्द निघाले, माझ्या कानात गेले, आणि माझ्या हाताने खूण केली. कान चुकत नाही म्हणणाऱ्याचा कान चुकला नाही. चुकला माझा.

तिसऱ्या दिवशी मुंबईहून फोन आला. जहाज निघालंय, तुमचा कंटेनर जेबेल अलीला उतरणार, पुढे नेणार कोण? कतारला जाणारा माल ते हलवायला तयार नाहीत. धक्क्यावर उन्हात पडला तर कांद्याचं काय होईल ते तुम्हीच बघा.

मॅनेजर बाहेर आला तो कागद हातात घेऊनच. "हमीदभाई, ये क्या किया आपने? पूरा शहर जानता है रास्ता बंद है!"

चाचा उभे राहिले. साठीला टेकलेला माणूस, रोजा धरलेला, ओठ सुकलेले. म्हणाले, "गलती मेरी है."

"गलती? व्हिसा रिन्यूअल का कागज मेरी टेबल पे है आपका. ईद के बाद साइन करना था. माल सड़ गया ना, तो साइन नहीं होगा. फायनल एक्झिट. खलास."

खलास. हा शब्द इथे आम्ही दिवसातून वीस वेळा वापरतो. चहा संपला, खलास. काम झालं, खलास. त्या दिवशी तो माणसाबद्दल वापरलेला ऐकला. चाळीस वर्षं इथे राबलेला माणूस कांद्यासारखा सोलून बाजूला टाकायचा. एक ना एक दिवस आपण सगळेच इथून जाणार हे आम्ही विमानतळावर पहिलं पाऊल टाकताना कबूल केलेलं असतं. पण चूक करून, मान खाली घालून, दुसऱ्याने ठरवलेल्या तारखेला? वडिलांच्या वेळी सहीसाठी पाच आठवडे अडवलेल्या माणसाला आता एका शब्दात हाकलायचं?

हे सगळं माझ्या मनात चाललं होतं. पूर्ण एक मिनिट मी गप्प बसले. त्या मिनिटाची लाज मला आजही वाटते. मला माझी नोकरी दिसत होती, इनायाची फी दिसत होती. मग माझी नजर कागदाकडे गेली. व्हायाच्या रकान्यासमोर माझी पेन्सिलीची खूण होती, छान वळणदार.

"सर, टिक मेरी है," मी म्हणाले. "उन्होंने बराबर पढ़ा था. सुनना मेरा काम था. साइन नहीं करना है तो दोनों का मत करो."

मॅनेजर कागद टेबलावर टाकून आत गेला. चाचा भडकले ते माझ्यावरच. "तुना कोणी सांगितला मधी बोलाया?"

"तुम्हीच सांगितलंत. कान चुकत नाय म्हणून."

ते खाली बसले. कागद पुढे ओढून व्हायाच्या रकान्यावर बोट ठेवलं. मग जे बोलले ते मी पुढे पुष्कळांना सांगितलं आहे, आणि इनायाच्या पुस्तकात छापायला मिळालं तर तेच छापेन: "जेबेल अली नव्हता तवा काय आम्ही उपाशी व्हतो?"

खरंच की. चाचा कामाला लागले तेव्हा जेबेल अलीचं बंदर बांधून व्हायचं होतं. व्हाया जेबेल अली ही सवय नंतरची. त्याच्या आधीचा समुद्र चाचांच्या डोक्यात होता: मस्कत, सोहार, लाँचा, कोणत्या महिन्यात कुठे वारा. त्यांनी टेबलाच्या खणातून एक जुनी वही काढली, पानं पिवळी, अक्षर मोडी वाटावं असं गिचमिड. त्यात ओमानच्या सोहार बंदरातल्या दाऊदभाईंचा नंबर. श्रीवर्धनचे, चाचांच्या बरोबरच स्टीमरमधून आलेले, पुढे तिकडे गेलेले. आणि मुंबईहून सुटलेलं आमचं जहाज वाटेत आधी सोहारला थांबणार होतं. जहाज समुद्रात असताना माल उतरवायचं बंदर बदलता येतं. कागद वेळेत पोचले पाहिजेत आणि तिकडे कोणीतरी उन्हात उभं राहिलं पाहिजे, एवढंच.

नंबर तीन वेळा बदलला होता. चौथ्या माणसाकडून लागला.

"दाऊद, मी हमीद. म्हसळ्याचा."

पलीकडून काय आलं ते ऐकू आलं नाही, पण चाचा हसले. त्या आठवड्यात पहिल्यांदा.

"रोजा हाय ना तुजा? मग उभा रव्हाया जमल काय? ... कांदा हाय, बाबा, कांदा. सोना नाय. पण त्याच्यावर माझी इज्जत हाय."

त्या दुपारी आम्ही नवा कागद केला. चाचांनी वाचलं, "व्हाया सोहार," आणि थांबले. मीही थांबले. भिंतीवरचा नकाशा बघितला, बातम्या बघितल्या, दाऊदभाईंना पुन्हा फोन केला. मग मी म्हणाले, टिक. नियम पाळला, आणि या वेळी डोकंही वापरलं.

मग वाट बघणं. त्या दोन आठवड्यांसारखे दिवस मी पुन्हा पाहिले नाहीत. दुकानांत तुर्कस्तानचं दूध आलं. डब्यावरचा एक शब्द कळेना, गाईचं चित्र बघून घेतलं तर ते निघालं ताक. इफ्तारला फिरनीऐवजी मी नारळाचं दूध काढून सांदणं केली. कोकणातल्या माणसाला दूध बंद झालं म्हणून घाबरवणं म्हणजे माशाला पाण्यात ढकलण्यातला प्रकार. आमच्या मजल्यावरच्या सुदानी बाईने चव घेऊन पाककृती विचारली. शहरभर अमीरांचं रेखाचित्र लागलं होतं, गाड्यांवर, मनोऱ्यांवर. चौकाचौकांत त्याचे भिंतीएवढे फलक उभे केले होते आणि लोक रांगा लावून त्यांच्यावर सह्या करत होते. अरबी, इंग्रजी, मल्याळम, उर्दू.

एका संध्याकाळी इफ्तारनंतर चाचा म्हणाले, चल. आम्ही गेलो. मी चिडवलं, "मालकाची सही मिळेना म्हणून तुम्ही चाळिसाव्याला पोचलात, आणि आता तुम्हीच सही करणार?" त्यांनी मार्कर घेतला. म्हणाले, "ता त्यांच्या हिशोबात. हा माझ्या." आणि देवनागरीत, शाळेतल्या टापटिपीने लिहिलं: हमीद, म्हसळा. कागद माझ्या हातचे.

बस, एवढंच. जिंदाबाद नाही की काही नाही. मागच्या माणसाने विचारलं, व्हॉट लँग्वेज? मी म्हटलं, मराठी. मान अशी ताठ झाली होती की दुखली.

सत्ताविसाव्या रोज्याला कंटेनर दोह्याच्या हमद बंदरात लागला. तो ओढून आणायला आमचा नेहमीचा ट्रेलर ड्रायव्हर नामदेव गेला होता. लातूरकडचा, बरवा अल बराहा या कामगार वसाहतीत एका खोलीत आठ जणांत राहणारा. पूर्वी सरहद्दीवरून माल आणायचा, आता तो रस्ताच बंद म्हणून रोज बंदरात. गोदामासमोर त्याने ट्रेलर लावला. सील तोडलं, दार उघडलं आणि तो वास आला. गरम, तिखट, किंचित गोड, चाकणच्या बाजारात येतो तोच. डोळ्यांत पाणी आलं. कांद्याने आलं असं मी तेव्हा सगळ्यांना सांगितलं. ते खोटं होतं.

वरच्या काही गोणी मऊ पडल्या होत्या. बाकी माल टणक.

"लई जपून आनलाय बगा, चाचा," नामदेव म्हणाला. "येका खड्ड्यात न्हाई घातली गाडी."

"हितं खड्डं हायतच कुठं?" चाचा म्हणाले.

"न्हाईत. पन असते तरी घातली नसती."

नामदेवाने एक कांदा खिशात टाकला, जेवताना फोडायला. त्याच संध्याकाळी बातम्यांत शेजाऱ्यांच्या तेरा मागण्या आल्या. हे बंद करा, ते तोडा, दहा दिवसांची मुदत. देशाने नाही म्हटलं. त्या यादीत आमच्या कामाचं काहीच नव्हतं, पण मला तो नकार घरातला वाटला. दोन आठवडे आम्ही तेच तर म्हणत होतो.

ईदनंतर ऑफिस उघडलं तेव्हा मॅनेजरने रिन्यूअलच्या कागदावर सही केली आणि कागद पुढे सरकवत म्हणाला, "इस बार छोड़ दिया, हमीदभाई."

चाचांनी कागद घेतला नाही. म्हणाले, "छोड़ा नहीं साहब. माल आया है, इसलिए साइन किया. उपकार मत लिखो उसमें."

मॅनेजर माणूस वाईट नव्हता. म्हणाला, "ठीक है. माल आया है." तेव्हा चाचांनी कागद उचलला. त्यांच्या रिन्यूअलखालीच माझाही होता. त्यावरही सही झाली होती.

त्यानंतर महिन्याभरात न्हावा शेव्याहून दोह्याला सरळ जहाजं यायला लागली. रायगडच्या किनाऱ्यावरून निघायचं ते थेट इथे. पहिला तसा कागद चाचांनी वाचला तेव्हा व्हायाच्या रकान्यापाशी थांबले. "रिकामा," ते म्हणाले, आणि एवढ्या खुशीत म्हणाले की मी टिक करायचं विसरले.

पुढचं सगळं इनायाच्या पुस्तकात आहे. गाई विमानाने आल्या, दूध इथलंच झालं. साडेतीन वर्षांनी दरवाजे उघडले, गळाभेटी झाल्या. लुसैल हे नवं शहर उभं राहिलं, ट्राम आली, जगाने फुटबॉल पाहिला. आमच्याकडे त्याचे कागद आले: खुर्च्या, काचा, गवताचं बी. ज्यांनी त्या उन्हात विटेवर वीट ठेवली आणि जे जिवंत परत गेले नाहीत त्यांचे कागद आमच्याकडे येत नव्हते. ते कुठल्या रकान्यात गेले हे विचारायचं मी सोडणार नाही. देश सोडायला मालकाची सही लागायची तो नियम मात्र गेला. बातमी आली तेव्हा चाचांनी वर्तमानपत्र घडी करून खणात ठेवलं. या देशावर माझा हक्क नाही हे मला कोणी सांगायला नको, माझ्या ओळखपत्रावर दर वर्षी ते छापून येतं. पण हा देश उभा राहिला त्यात आमचा हात नाही असं जो म्हणेल, त्याला मी तो कांद्याचा कागद दाखवीन. जपून ठेवलाय.

काल शेवटी चाचा घरी आले. रुतबचा खोका घेऊन आले, म्हणाले, गावी हा मिळत नाय, तर पोटभर खाऊन जातो. इनाया समोर पुस्तक घेऊन बसली होती. मी मोबाइलवर तिकिटं शोधून दाखवली. सगळ्यात स्वस्त होतं ते दुबईमार्गे.

चाचांनी खजुराची बी बशीत टाकली. "व्हाया नको. आख्खा जन्म व्हाया गेला माझा. मालकाच्या सहीव्हाया बापाच्या मातीला गेलो, ता बी पोचलो नाय. आता घरला सरळ जाणार. माझ्या पैशान, माझ्या तारखेला."

इनायाने मान वर केली. "चाचा, यू वेअर हिअर ड्युरिंग द ब्लॉकेड, राइट?"

"येस," चाचा म्हणाले. "ओनियन."

ती हसली, मग तिने विचारलं काय ओनियन, आणि चाचा सांगत बसले. अर्ध्या तासाने बघितलं तर ती वहीत काहीतरी लिहीत होती. सिलॅबसबाहेरचं.

तिकीट काढलं. प्रिंट घेतली. चाचांनी चष्मा लावला, कागद हातात घेतला आणि माझ्याकडे न बघता म्हणाले, "पेन्सिल घे."

मी इनायाची घेतली.

"नाव, हमीद."

"टिक."

"दोहा."

"टिक."

"मुंबई."

"टिक."

"व्हाया," ते म्हणाले आणि थांबले. "रिकामा."

"टिक."

"वन वे."

माझ्या हातून खूण होईना. पेन्सिल कागदावर टेकली होती, पण पुढे सरकत नव्हती. त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं.

"टिक कर, पोरी," चाचा म्हणाले. "या टायमाला चूक नाय."